इस्त्रीने उमटणारे भरतकामाचे छाप बाळाच्या दुपट्यावर वापरू का?

वारणाकाठ (सांगली)

नमस्कार सगळ्यांना. बहिणीचं डोहाळजेवण झालं आणि आता घरात बाळंतविड्याची गडबड सुरू झालीय. झबली-टोपडी आई शिवतेय, कुंची आत्या करणार आणि दुपटी माझ्या गळ्यात पडलीत, का तर म्हणे "तुला भरतकाम येतंय". येतंय म्हणजे काय, शाळेत कार्यानुभवाला शिकवलेले साखळी, गहू, उलटी टीप, देठाचा टाका एवढे येतात. चित्र काढायच्या नावानं मात्र बोंब आहे, माझा ससा काढला की तो गाढव दिसतोय.

तर मामेबहीण अमेरिकेहून येताना भरतकामाच्या छापांची पाकिटं घेऊन आलीय, आंट मार्थाज नावाची. पातळ कागदावर निळ्या-जांभळ्या रेघांची चित्रं आहेत, कागद कापडावर पालथा ठेवायचा आणि वरनं गरम इस्त्री दाबायची की चित्र कापडावर उतरतं. बदकं, ससे, फुलांच्या वेली असं बरंच काय काय आहे, आणि एका पाकिटात आठवड्याचे सात वार आहेत, ते तिकडं भांडी पुसायच्या फडक्यांवर भरतात म्हणे. ते काही मला नकोयत, पण बदकं आणि ससे दुपट्याच्या कोपऱ्यात फार गोड दिसतील.

कापड पेठेतनं पांढरं केम्ब्रिक (पातळ सुती कापड) आणलंय, अजून कापलेलं नाही. मला विचारायचंय की ही रेघ नंतर धुतल्यावर जाते का तशीच राहते? बाळाच्या अंगाला लागणार म्हणून जरा भीती वाटते. आमची इस्त्री वाफेची आहे, ती चालेल का? एक कागद किती वेळा वापरता येतो? आणि आईला एका दुपट्यावर गणपती पाहिजे, तो काही त्या पाकिटात नाही, तर आपलं चित्र असं इस्त्रीनं उतरवायची काही सोय आहे का? कुणी वापरलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज, घाई आहे.

टीप_उलटी (मिरज)

वारणाकाठ ताई, पहिल्याच प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. ही रेघ जाणार नाही असं धरूनच चालायचं. धुऊन धुऊन फिकट होते, काही कापडांवर बरीच जाते पण, पण भरवसा नाही. त्यामुळं रेघ पूर्ण झाकली जाईल असाच टाका घ्यायचा. साखळी, देठाचा टाका हे झाकतात. उलटी टीप घेणार असाल तर सहापदरी दोऱ्याचे निदान दोन पदर तरी घ्या, तीन घेतले तर अजून बरं. एकपदरी धावदोरा घातला की मधल्या मोकळ्या जागेतनं निळी रेघ डोकावते आणि सगळं काम मळकट दिसतं. पांढऱ्या, पिवळ्या फिक्या दोऱ्यालाही तीच अडचण. बदक पिवळं करायचं असेल तर बाहेरची रेघ केशरी किंवा तपकिरी घ्या आणि आत पिवळं भरा.

आता इस्त्री. वाफेची इस्त्री चालते पण वाफ बंद करून, पाणीसुद्धा ओतून टाकायचं, नाहीतर मध्येच एखादा थेंब टपकतो आणि रेघ फुटते. दुसरं म्हणजे वाफेच्या इस्त्रीच्या तळाला भोकं असतात, त्या भोकांखाली उष्णता पोचत नाही आणि रेघ तुटक येते, बदकाची चोचच गायब. त्यामुळं तळाचा सपाट भाग चित्रावर येईल असं बघायचं, किंवा घरात जुनी साधी इस्त्री असेल तर तीच काढा. या कामाला ती नव्या इस्त्रीपेक्षा सरस आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, इस्त्री फिरवायची नाही!! ठेवायची, दाबायची, उचलायची, पुढच्या जागी ठेवायची. आपला हात सवयीनं कपड्यावर फिरवल्यासारखा फिरतो आणि कागद केसभर सरकला तरी सशाला चार कान येतात. कागद टाचण्यांनी नीट अडकवा, टाचण्या कडेला, इस्त्रीखाली येणार नाहीत अशा, आणि प्लास्टिकच्या डोक्याच्या नकोत, त्या वितळतात. कॉटनच्या खुणेवर इस्त्री पूर्ण तापू द्यायची, एकेका जागी दहाएक सेकंद ठेवायची, मग एका बाजूनं कागद घट्ट धरून दुसरा कोपरा हळूच उचलून बघायचं. फिकं वाटलं तर कोपरा परत तसाच खाली सोडून अजून थोडं दाबायचं. पूर्ण उचलून परत ठेवाल तर रेघ रेघेवर कधीच बसत नाही.

खाली काय घेता तेही बघा. आपल्याकडं पलंगावर नाहीतर सतरंजीवर चादर घडी करून इस्त्री करायची पद्धत, ती इथं उपयोगाची नाही. मऊ घडीत कापड दबतं आणि रेघ एकसारखी उठत नाही. टेबल किंवा लाकडी पाट घ्या, त्यावर एकच सुती कापड आणि त्यावर कोरा कागद. वर्तमानपत्र नको, त्याची शाई दुपट्याच्या मागं लागायची.

एक कागद बऱ्याच वेळा चालतो, दर वेळी जरा फिका उमटतो. मी तर म्हणेन पहिला छाप चिंधीवरच घ्या, पहिला फार गडद असतो, दुपट्याला दुसरा-तिसरा छापच चांगला. चिंधीवर घेतल्यानं इस्त्री किती तापायला हवी तेही कळतं. आणि चित्राभोवती नंबर, कंपनीचं नाव, सूचना असलं काही छापलेलं असतं ते आधी कात्रीनं कापून टाका, नाहीतर बदकाच्या बाजूला नंबरपण उमटेल आणि तोही जाणार नाही.

सातारी_काकू (सातारा)

एवढा खटाटोप कशाला गं बाई? आपला खाका काय वाईट आहे? आमच्याकडं रुखवताच्या चादरी, उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ सगळे खाक्यावर झाले, आणि एक खाका आळीभर फिरायचा.

ज्या नव्या मुलींना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ट्रेसिंग पेपरवर चित्र गिरवायचं. कागद जाड घडीच्या गोधडीवर ठेवून रेघेरेघेवर सुईनं बारीक भोकं पाडत जायची, अगदी जवळ जवळ. मागनं जी खरखर येते ती सँडपेपरनं हलक्या हातानं घासून काढायची म्हणजे भोकं मोकळी होतात. मग हा कागद कापडावर टाचायचा, नीळ रॉकेलमध्ये कालवायची, कापसाचा बोळा त्यात बुडवून चांगला पिळायचा आणि कागदावरनं फिरवायचा. भोकाभोकातनं नीळ खाली उतरते, ठिपक्या ठिपक्यांची रेघ तयार. गडद कापड असलं तर निळीच्या जागी झिंक ऑक्साईडची पांढरी पूड. रॉकेल उडून जातं, नीळ धुण्यात जाते, डाग नाही की काही नाही. कागद पालथा केला की तेच चित्र उलट्या तोंडाचं मिळतं, म्हणजे चादरीच्या दोन कोपऱ्यात समोरासमोर दोन मोर पाहिजेत तर एकाच खाक्यात काम होतं. तुमच्या त्या इस्त्रीच्या कागदाला हे जमेल का? तो एकाच अंगानं छापणार.

साताऱ्यात अजून डिझाईन छापून देणाऱ्या बायका आहेत, सांगलीतपण असतीलच, साहित्याच्या दुकानात विचार.

टीप_उलटी (मिरज)

काकू, खाक्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही, मोठ्या कामाला आणि तेच तेच चित्र परत परत पाहिजे असेल तर खाकाच. पण रॉकेल आणायचं कुठनं आता? रेशनला मिळत नाही, आणि मिळालं तरी बाळाच्या दुपट्याला रॉकेलचा वास... धुतलं तरी पहिल्या धुण्यात जाईलच असं नाही. आणि रॉकेल लावलेल्या कापडावर पूर्ण वाळल्याशिवाय कुणी चुकूनसुद्धा इस्त्री ठेवू नका, भडका उडेल. लिहायलाच हवं होतं हे, नवीन मुली वाचतायत.

सातारी_काकू (सातारा)

ते बरोबर. बाळाच्या कपड्याला कोरडी नीळ घ्या, फडक्याच्या पुरचुंडीत बांधून कागदावर आपटायची. फिकं उमटतं आणि झटकलं की जातं, पण छोट्या बदकाला पुरे. उमटल्या उमटल्या पेन्सिलीनं ठिपके जोडून घ्यायचे.

विट्याचा_माग (विटा)

मी काही भरतकाम करत नाही, पण कापडाचं सांगतो, कारण वर कापड धुवायचं कुणीच लिहिलं नाही. ताई, केम्ब्रिक कापायच्या आणि छापायच्या आधी एकदा धुऊन घ्या. मागावर उभा धागा चढवायच्या आधी त्याला सायझिंग करतात, म्हणजे कांजी देतात, धागा तुटू नये म्हणून. पुढं प्रोसेसला ती काढतात, पण दुकानात जाताना कापड कडक आणि तुकतुकीत दिसावं म्हणून परत खळ, फिनिशिंग काहीतरी दिलेलं असतंय. त्या थरावर छापलं की शाई धाग्यात न जाता वरच्या वर बसती. एक जागा गडद, एक फिकी असं होतंय. शिवाय सुती कापड पहिल्या पाण्यात आटतंय. भरून झाल्यावर आटलं तर दोरा आटत नाही तेवढा आणि बदक सुरकुततंय. म्हणून आधी कोमट पाण्यात साध्या साबणानं धुवा, कंडिशनर-बिंडिशनर काही नको, वाळवा, मग इस्त्री करून सपाट करा. असंही बाळाला कोरं कापड घालत नाहीत आपल्यात.

दुसरी गोष्ट, ते केम्ब्रिक शंभर टक्के सुती आहे का बघा. दुकानदार कॉटन म्हणतोय आणि आत पॉलिएस्टर मिसळलेलं असतंय, हे रोजचं आहे. कडेचे दोन-चार धागे काढायचे, चिमट्यात धरायचे, सिंकपाशी उभं राहून काडी लावायची. सुती धागा कागदासारखा जळतोय, तसाच वास, मागं मऊ राख. पॉलिएस्टर आकसतंय, वितळतंय आणि टोकाला कडक काळा मणी होतोय. मणी झाला तर कॉटनच्या खुणेवर इस्त्री ठेवू नका, कापड चकाकतं नाहीतर चिकटतं. आणि कमी तापवली तर छाप नीट उतरत नाही. म्हणजे मिक्स कापड या कामाला गैरसोयीचंच. बाळालापण सुतीच बरं, घाम शोषतंय.

जाता जाता एक गंमत. हे इस्त्रीचे छाप पहिल्यांदा काढले ते इंग्लंडात मँचेस्टरच्या ब्रिग्ज नावाच्या कंपनीनं, १८७० च्या दशकात, त्याआधी तिकडच्या बायकापण भोकं पाडून पूड फिरवायच्या, म्हणजे काकूंचा खाकाच. आणि आपल्याकडं महाराष्ट्राचं मँचेस्टर कशाला म्हणतात? इचलकरंजीला. तिथं कापड ढिगानं, पण छापाचा कागद अमेरिकेहून आणायचा 😄

कराडचा_झेरॉक्सवाला (कराड)

गणपतीचं मी सांगतो. सोपं आहे आणि दहा रुपयांच्या आत होतंय.

झेरॉक्स मशीन आणि लेझर प्रिंटर यांच्यात ओली शाई नसती, टोनर असतो, म्हणजे बारीक प्लास्टिकची काळी पूड. मशीनच्या आत साधारण २०० अंशाच्या आसपास ती तापवून कागदावर चिकटवलेली असती. आता तोच कागद कापडावर पालथा ठेवून कडक इस्त्री दाबली की ती पूड परत थोडी वितळून कापडाला लागती. अमेरिकेच्या छापासारखी गडद रेघ येत नाही, करड्या रंगाची येती, पण भरायला दिसण्यापुरती येती. आमच्या घरात सगळं असंच चालतं, मी प्रिंट काढायची आणि मंडळींनी भरायचं.

काही गोष्टी सांभाळा. एक तर प्रिंट ताजी पाहिजे, कपाटात पडून राहिलेली कॉपी उतरत नाही बरोबर. दुकानात सांगायचं डार्क मारा. घरच्या इंकजेटची प्रिंट अजिबात चालत नाही, ती पाण्याची शाई असती, ती कागदात मुरून बसती. कागद साधाच, गुळगुळीत असला तर जास्त चांगलं. फोटोची प्रिंट नको, नुसत्या रेघांचं चित्र पाहिजे, लहान मुलांच्या रंगवायच्या वहीत असतं तसं. टोनर प्लास्टिकचा असल्यामुळं हासुद्धा सगळा धुऊन जाईल असं धरू नका.

आणि आता सगळ्यात मोठी गोष्ट, ज्याच्यावरनं माझ्या दुकानात भांडणं झालीत. चित्र उलटं उतरतं! पालथा ठेवला की डावं ते उजवं. बदक इकडं तोंड करून असो की तिकडं, बदकाला फरक पडत नाही. पण गणपतीची सोंड? डाव्या सोंडेचा गणपती छापायला घ्याल आणि कापडावर उजव्या सोंडेचा येईल. मग घरातली मोठी माणसं म्हणणार उजव्या सोंडेचं सोवळं कडक, तो दुपट्यावर कसा काय. स्वस्तिकाचंही तसंच, उलटं फिरतं. ॐ, श्री, बाळाचं नाव, सगळं उलटं. तेव्हा मोबाईलमध्ये चित्र एडिटला घेऊन आडवं फ्लिप करा आणि मग प्रिंट द्या. दुकानातपण मिरर म्हणून सांगितलं तर करून देतात, पण स्वतः डोळ्यांनी बघून घ्या. कागदावर अक्षर उलटं दिसलं पाहिजे तरच कापडावर सुलट येणार.

खरं तर मला विचाराल तर दुपट्यावर गणपती काढूच नये, पायाखाली येतो, ओलं होतं, पण ते तुमच्या घरचं तुम्ही बघा.

वारणाकाठ (सांगली)

अरे बापरे किती माहिती, सगळ्यांना खूप खूप धन्यवाद 🙏 झेरॉक्सवाले दादा, पायाखालीचा मुद्दा आईला वाचून दाखवला, ती दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली मग गणपती कुंचीवर घेऊ, डोक्याकडं. आता कुंची खणाची आहे, गडद हिरवी. तिथं निळी रेघ दिसणार कशी? आणि आत्या म्हणतेय ते पाण्यानं जाणारं निळं पेन मिळतं त्यानं काढ सरळ, इस्त्री-बिस्त्री काही नको. ते चांगलं का?

केम्ब्रिकचा धागा जाळून बघितला, राखच झाली, मणी नाही. धुऊन वाळत घातलंय.

दोरा_संपला (तासगाव)

गडद खणावर इस्त्रीचा छाप विसरा, दिसणारच नाही. त्यात हल्ली मिळणारा खण बहुतेक सुती नसतो, कडक इस्त्री लावली तर चकाकी जाऊन कायमचा डाग पडायचा. पिवळा किंवा पांढरा कार्बन पेपर घ्या, शिवणकामाच्या साहित्यात मिळतो, तो कापडावर ठेवायचा, वर चित्र, आणि संपलेल्या बॉलपेनानं दाबून गिरवायचं. ऑफिसचा काळा-निळा कार्बन नको, त्याचा हात लागेल तिथं काळं होतं. कार्बनला चित्र उलटं होत नाही हा मोठा फायदा, म्हणजे गणपतीची सोंड जिथल्या तिथं. खणाच्या विणीत बुट्ट्या असतात त्यामुळं रेघ तुटक उमटते, मग पांढऱ्या चॉक पेन्सिलीनं जोडून घ्यायची. किंवा सरळ मधला एक चौकोन साध्या सुती कापडाचा घेऊन त्यावर गणपती भरा आणि तो कुंचीवर जोडा, मला तर हेच जास्त आवडतं, खणाच्या बुट्ट्यांत बारीक भरतकाम हरवून जातं.

पाण्यानं जाणाऱ्या पेनबद्दल. चांगलं आहे, मी वापरते, पण त्याचा आणि इस्त्रीचा उभा दावा आहे हे लक्षात ठेवा. त्या निळ्या रेघेवर इस्त्री फिरली की रेघ पक्की होते, कधी तपकिरी पडते, आणि मग पाण्यानं जात नाही. आधी नुसत्या गार पाण्यात बुडवून रेघ पूर्ण घालवायची, साबण नाही, गरम पाणी नाही, आणि मगच इस्त्री. वरवर पाणी शिंपडलं तर शाई कापडाच्या आत पळते आणि वाळल्यावर परत वर येते, म्हणून चांगलं बुडवायचं. म्हणजे एकाच दुपट्यावर एक चित्र इस्त्रीनं आणि दुसरं पेननं असं करणार असाल तर आधी इस्त्रीचं सगळं उरका आणि पेन शेवटी.

अजून एक असतं, पायलटचं फ्रिक्सन, ते उष्णतेनं जाणारं. खरं तर वहीत लिहून खोडायचं पेन, पण बायकांनी भरतकामाला घेतलं. ६० अंशाच्या आसपास तापलं की शाई अदृश्य होते, इस्त्री फिरवली की गायब, जादूच. पण ती शाई जात नाही बरं का, फक्त दिसेनाशी होते, आणि उणे दहा अंशांखाली गारठलं की परत दिसायला लागते. आपल्याला काय, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले तरी तेवढी थंडी पडत नाही. पण दुपटं कॅनडाला जाणार असेल तर विचार करा 😀

टीप_उलटी (मिरज)

पेनचं सगळं बरोबर, फक्त एक. दुपट्याला पेननं काढायचं तर चित्र खाली ठेवून वरनं गिरवता येतं, केम्ब्रिक पातळ असतं. खिडकीच्या काचेवर कागद चिकटवा, वर कापड चिकटवा, दिवसा उजेडात रेघ स्वच्छ दिसते. ज्यांना हात धरून गिरवता येतं त्यांना छापाची गरजच नाही. पण ताईंना सात-आठ दुपट्यांवर तेच बदक पाहिजे असणार, तिथं इस्त्रीचा कागद वेळ वाचवतो. प्रत्येकावर गिरवत बसलं तर बाळ रांगायला लागेल.

अजून एक राहिलं, इस्त्रीनं छाप उमटवायची पेन्सिल वेगळी मिळते, ऑनलाइन. ट्रेसिंग पेपरवर तिनं काढायचं आणि मग इस्त्री. तिच्यासाठी युक्ती म्हणजे चित्र आधी साध्या पेन्सिलीनं पेपरच्या एका बाजूला गिरवा, कागद उलटा करा आणि मागनं त्याच रेघेवर छापाची पेन्सिल चालवा. म्हणजे फ्लिप करायची कटकट नाही, आपोआप सुलट येतं. पण तिचं टोक सारखं सारखं करून घ्यावं लागतं, बोथट झाली की रेघ शेवयीएवढी जाड येते आणि कुठला टाका ती झाकणार नाही. केकखाली घालतात तो बटर पेपर घेऊ नका, त्याला गुळगुळीत थर असतो, पेन्सिल लागत नाही. स्टेशनरीच्या दुकानातला ट्रेसिंग पेपर.

सातारी_काकू (सातारा)

सगळ्यांनी छापायचंच सांगितलं, बाळाचं कुणी सांगणार की नाही? दुपट्याच्या मागच्या बाजूला गाठी मारू नका, दोऱ्याचं टोक टाक्यांखालनं ओवून घ्या. गाठ बाळाच्या अंगाला टोचते. मागनं लांब लांब दोरे नेऊ नका, बोट अडकतं. मोती, टिकल्या, जरीचा दोरा काही नको. लेझी डेझी टाक्याची पाकळी लांब घेतली तर ती उचकटते, बारीक घ्या. आणि मागनं मऊ मलमलचं अस्तर लावलंस तर टाके पण झाकतील आणि दुपटं अंगाला मऊ लागेल. जुन्या धुवट धोतराचं असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. रेघेच्या शाईची भीती वाटत असेल तर भरून झाल्यावर दोन-तीन वेळा धू, उन्हात वाळव, अस्तर आहेच मधे. लाल आणि निळ्या दोऱ्याचा रंग जातो का तेही आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून बघ, छापाची रेघ राहिली बाजूला आणि दोऱ्यानंच दुपटं गुलाबी झालं असं नको.

वारणाकाठ (सांगली)

काकू, तुमचं अस्तराचं एकदम पटलं, आजोबांचं धोतर आहे घरात. चिंधीवर बदकाचा पहिला छाप घेतला आत्ताच, साधी इस्त्री माळ्यावरनं काढून. फारच गडद आला, दुसरा बरोबर आला, टीप_उलटी ताईंनी सांगितलं तस्सं. एका जागी रेघ थोडी राहिली ती नुसत्या पेन्सिलीनं जोडली तर चालेल ना? आणि शेवटचा प्रश्न, कोपऱ्यात किती आत छापू? दुपटं आधी कापून शिवून घेऊ का नंतर?

टीप_उलटी (मिरज)

पेन्सिलीनं जोडलं तर चालतं, हलक्या हातानं, एचबी घ्या, मऊ काळी नको, दोरा मळतो.

आधी कापायचं नाही. कापडावर खडूनं दुपट्याचा चौकोन आखा, त्यात छापा, भरून घ्या, आणि मग कापून शिवा. कोपऱ्यात भरतकामाची रिंग लावायला चारी बाजूंनी कापड लागतं, आधी कापलं तर रिंगेत धरायला काही उरत नाही आणि कोपरा ओढून ओढून वाकडा होतो. आखलेल्या रेघेपासून निदान चार बोटं आत छापा, नाहीतर अस्तर लावून काठ दुमडताना बदकाचे पाय शिवणीत जातील. आणि काम थांबवलं की रिंग काढून ठेवत जा, रात्रभर तशीच राहिली तर गोल वळ पडतो.